जाळीत अडकून जखमी झालेली धामण: घरी काय करावं आणि कुठे थांबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. परसातल्या भाजीच्या वाफ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत पाच फुटांची धामण अडकली होती. जाळी कापून तिला बाहेर काढलं. अंगाभोवती गोल काप पडला आहे, त्यातून थोडं रक्त येतं. सध्या ती झाकणाच्या प्लास्टिक टबात आहे. हळद लावून, दूध-अंडं देऊन आठवडाभर घरी सांभाळली आणि बरी झाली की सोडली तर चालेल का?

आठवडाभर घरी ठेवू नका. काही तास, फार तर एक रात्र ठेवा. हळद लावू नका, दूध तर अजिबात देऊ नका. जखमी साप घरी आणल्यावर बहुतेक वेळा मूळ जखमेपेक्षा आपल्या उपचारांनीच जास्त हाल होतात. तिला आत्ता लागते ती ऊब, अंधार, शांतता आणि पाणी. बाकीचं काम पशुवैद्याचं.

पण आधी ती धामणच आहे का, याची खात्री करा. धामणीचे डोळे मोठे, बाहुली गोल, ओठांच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा आणि अंगाच्या मागच्या अर्ध्या भागावर काळसर जाळीदार पट्टे असतात. तरी रोज साप न पाहणारा माणूस नाग आणि धामण यांत हमखास गोंधळतो. फणा दिसला नाही म्हणून नाग नाही, असं मानू नका. जाळीत आवळलेल्या किंवा अर्धमेल्या नागाला फणा काढताच येत नाही. हाच गोंधळ मण्यार आणि कवड्यात होतो, घोणस आणि डुरक्या घोणसीत होतो, आणि अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलल्याची प्रकरणंही घडतात. तेव्हा पाच-सहा फुटांवरून तीन फोटो काढा: डोक्याचा बाजूने, मधल्या अंगाचा आणि पूर्ण लांबीचा. ते जवळच्या सर्पमित्राला पाठवा. त्याचं उत्तर येईपर्यंत टबाचं झाकण उघडू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं किंवा घाटातला चापडा असण्याची थोडी जरी शंका असली तरी तुमचं काम टबावर वजन ठेवणं आणि मुलं, कुत्री-मांजरं लांब ठेवणं एवढंच. मेल्यासारखा पडलेला विषारी सापही चावतो. मान तुटून वेगळी झाल्यावरसुद्धा काही काळ जबडा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया चालू राहते.

दुसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार धामण संरक्षित प्राणी आहे. याच कायद्याच्या कलम 39 नुसार असा वन्यप्राणी ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. फोन करून नोंद करा, ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. वनरक्षक पंचनामा करून साप ताब्यात घेतात किंवा नोंदणीकृत सर्पमित्राकडे सोपवतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे तात्पुरतं उपचार केंद्र आहे. बाकी जिल्ह्यांत वनविभाग बहुधा पशुवैद्यकीय दवाखान्याची मदत घेतो. हा फोन कागदी सोपस्कार म्हणून टाळू नका. सापावर उपचार करणारा डॉक्टर कोण आणि कुठे, हे त्याच फोनवर कळतं.

आता टब. पाच फुटांच्या धामणीला साधारण 50–60 लिटरचा, घट्ट झाकणाचा टब लागतो. बाजूंना 4 मिलिमीटरची पंचवीस-तीस भोकं पाडा, पण आतून बाहेर. बाहेरून आत पाडली तर प्लास्टिकचे धारदार काठ आत राहतात आणि सुटायला धडपडणारा साप त्यावर नाक घासून सोलून घेतो. साप आत असताना ड्रिल चालवू नका. आधी टब तयार करा, मग साप हलवा. तळाशी वर्तमानपत्राचे चार-पाच थर. वाळू, माती, भुसा, पेंढा काहीही नको, कारण ते जखमेत जातं आणि मग निघत नाही. एका कोपऱ्यात लपायला पुठ्ठ्याचा खोका, उलटा, एका बाजूने दार कापलेला. लपायला जागा मिळाली की साप निम्मा शांत होतो. टबावर जाड चादर टाका, भोकं मोकळी ठेवा, आणि दर दहा मिनिटांनी उघडून पाहू नका. धामण घाबरट आणि चपळ असते. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ती उसळी घेते आणि कापाचे काठ पुन्हा फाकतात.

तापमानाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. सापाला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. अंग थंड पडलं की त्याची प्रतिकारशक्ती, पचन आणि जखम भरणं सगळंच मंदावतं, आणि अशा थंड सापाला दिलेलं प्रतिजैविकसुद्धा नीट लागू पडत नाही. टबात 26 ते 30 अंश सेल्सिअस हवं. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून टबाच्या बाहेर, एक तृतीयांश तळाखाली ठेवा, म्हणजे नको वाटलं तर तिला थंड बाजूला सरकता येतं. पिशवी टबाच्या आत ठेवू नका. पोटाखालून लागणारी तीव्र उष्णता सापाला वेळेवर जाणवत नाही, तो तिथेच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. बल्ब लावायचाच तर झाकणाबाहेर आणि थर्मामीटर आत ठेवूनच. उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला टब तासाभरात भट्टी होतो. तेव्हा घरातली सगळ्यात गार खोली निवडा आणि चादर ओली करून पिळून टबावर टाका. 35 अंशांच्या वर गेलं की जखमी साप झपाट्याने कोलमडतो.

पाण्यासाठी जड बुडाची, उथळ वाटी. तहानलेली धामण स्वतःहून पिते. दुधाबद्दल स्पष्टच सांगतो. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला साप दूध पितो असं जे दिसतं, तो कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला साप असतो आणि समोर येईल तो द्रव ओढतो. ते दूध श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाला संसर्ग होतो. सापाचा श्वासमार्ग जिभेच्या मागेच, तोंडाच्या तळाशी उघडतो. म्हणून ड्रॉपरने किंवा सिरिंजने तोंडात पाणी सोडणंसुद्धा धोक्याचं आहे. कच्चं अंडं, मटणाचे तुकडे, चिमट्याने तोंडात कोंबलेला बेडूक, सगळं तेवढंच घातक. निरोगी मोठी धामण दोन-तीन आठवडे सहज उपाशी राहते. जखमी सापाच्या पोटात अन्न गेलं तर तो ते उलटून टाकतो, आणि त्या उलटीत त्याच्या अंगातलं पाणी जातं.

आता जखम. जाळीचा काप साध्या खरचटण्यासारखा नसतो. सापाचे खवले शेपटीकडे तोंड करून एकावर एक बसलेले असतात. साप पुढे घुसतो तेव्हा धागा त्यांवरून सहज सरकतो, पण मागे फिरायला गेला की तोच धागा खवल्यांच्या मागच्या काठाखाली अडकतो. मग धडपडीत तो वळसा घालतो, एका फासाचे तीन फास होतात. नीट प्रकाशात पाहिलंत तर कापाच्या दोन्ही बाजूंचे खवले उभे राहिलेले दिसतील, मधली कातडी पांढरट किंवा निळसर असेल, आणि बऱ्याचदा त्या खोबणीत अजून एक धागा रुतलेला असेल. पारदर्शक नायलॉन सुजेत गाडला जातो आणि ‘सगळं काढलं’ असं वाटत असताना आतून आवळत राहतो. म्हणून एक फास सापडला की दुसरा शोधायचाच, विशेषतः मानेजवळ आणि शेपटीच्या मुळाशी.

धागा राहिला असेल आणि साप बिनविषारी असल्याची सर्पमित्राने खात्री केली असेल तरच पुढचं, तेही दोन माणसांनी. एकाने जाड हातमोजे घालून, डोक्यावर हलकं सुती कापड टाकून अंग दोन हातांवर तोलून धरायचं. मान आवळायची नाही. सापाची कवटी मणक्याला एकाच सांध्याने जोडलेली असते आणि घाबरून दाबलेली मान मोडते. दुसऱ्याने बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री घ्यायची. खालचं पातं डोक्याकडून शेपटीच्या दिशेने धाग्याखाली सरकवायचं, म्हणजे टोक खवल्यांवरून घसरतं. उलट बाजूने घातलं तर ते खवल्याखाली घुसतं. धागा ओढायचा नाही, तुकडे करून उचलायचा. तो खोल रुतला असेल तर हात लावू नका. बाजूची मोकळी जाळी कापा आणि फासासकट साप दवाखान्यात न्या. जाळीत अडकलेला साप अजून वाफ्यातच असेल तरी हेच. भोवतालची जाळी कापून सगळा गुंता साप आत ठेवूनच उचलणं बरं.

धुण्यासाठी मेडिकलमधून 0.9 टक्के सलाइनची बाटली आणा आणि 20 मिलिलिटरच्या सिरिंजने, सुई न लावता, काप धुऊन काढा. मग 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन 5 मिलिलिटर आणि सलाइन 45 मिलिलिटर असं मिश्रण करा. रंग फिकट कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. गडद मिश्रणाने जंतूंबरोबर नवी येणारी पेशीही मरते. या मिश्रणात भिजवलेला गॉज तीन-चार मिनिटं जखमेवर ठेवा, पुन्हा सलाइनने धुवा आणि कोरड्या गॉजने टिपा, चोळू नका. डॉक्टर रात्री मिळणारच नसतील तर 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर चालतो. यापुढे घरचा उपचार नाही.

हळद, राख, तंबाखू, चुना, स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काही लावू नका. हळदीची पूड खवल्यांखाली गच्च बसते, तिचा चिखल होतो आणि खाली पू धरतो. जखमेत अळ्या पडल्या असतील, पावसाळ्यात एका दिवसात पडतात, तर गुरांना घालतात तसं टर्पेंटाइन सापाला घालू नका. ते कातडीतून आत शिरतं. अळ्या चिमट्याने एकेक काढून सलाइनने धुवायचं. माणसांसाठीची वेदनाशामक मलमं, नावात ‘केन’ असलेली बधिर करणारी जेल्ससुद्धा वर्ज्य. चिकटपट्टीही नको, कारण ती काढताना खवल्यांसकट कातडी येते. प्रवासापुरता सलाइनने ओला गॉज आणि त्यावर सैल गुंडाळलेली पट्टी एवढंच पुरे.

जखम कुठे आहे हे डॉक्टरांना फोनवरच सांगा, म्हणजे धोका किती ते त्यांना कळतं. अंगाचे ढोबळ चार भाग करा. हृदय पहिल्या चतुर्थांशाच्या शेवटाजवळ, मग फुप्फुस आणि यकृत, त्यामागे जठर आणि आतडं, मूत्रपिंडं शेवटच्या चतुर्थांशात. तोंड उघडं ठेवून श्वास, तोंडातून रक्त किंवा फेस, अंगावरून गाडी गेल्याचा संशय, कापातून आत गुलाबी-करडं काही दिसणं, ही रात्रभर थांबायची लक्षणं नाहीत. मणका तपासायची साधी खूण म्हणजे मागचा भाग हलक्या हाताने उलटा करून पाहायचा. शाबूत साप लगेच पोट खाली करतो. एका ठिकाणापासून मागे सगळं लुळं पडून राहत असेल तर मणका दुखावला आहे. अशा सापाला पिशवीत लोंबकळत नेऊ नका. लांब ट्रेवर किंवा फळीवर, गुंडाळलेल्या टॉवेलांचा आधार देऊन न्या. सुरकुत्या पडलेली कातडी, आत गेलेले डोळे आणि तोंडात चिकट तारेसारखी लाळ म्हणजे पाणी कमी झालं आहे. याउलट जीभ वारंवार बाहेर येत असेल, हातात घेतल्यावर अंग घट्ट वाटत असेल, तर आशा भरपूर आहे.

नेण्यासाठी जाड सुती पिशवी, शिवण बाहेरच्या बाजूला, कारण आतल्या दशांमध्ये दात आणि खवले अडकतात. तोंड पिळून दुमडून बांधा, मगच पिशवी भोकांच्या टबात ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा सायलेन्सरजवळ नको.

डॉक्टरांकडे साप नेहमी येत नसतील तर या तीन गोष्टी त्यांच्यापुढे नम्रपणे मांडायला हरकत नाही. सापाच्या मागच्या अंगातलं रक्त मूत्रपिंडाकडून जातं, म्हणून इंजेक्शन अंगाच्या पुढच्या भागात देण्याची पद्धत आहे. डोस वजनावर ठरतो, तेव्हा पिशवीसकट वजन करून पिशवीचं वजा करा. सापांत सर्रास वापरलं जाणारं सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक किलोला 20 मिलिग्रॅम, दर 72 तासांनी देतात. म्हणजे 700 ग्रॅमच्या धामणीला 14 मिलिग्रॅम. कुत्र्या-मांजरासारखं रोज दोनदा नाही. आणि सलाइन किलोला दिवसाला 15 ते 25 मिलिलिटर, कोमट करून. हे आकडे घरी स्वतः टोचण्यासाठी नाहीत, पण 72 तासांचं अंतर माहीत असलं की रोज सुई टोचून सापाला छळणं टळतं.

‘काप छोटा आहे, धुतला, आता सोडून देतो’ ही घाईही तितकीच महागात पडते. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि कातडी मेली आहे की नाही हे तीन ते पाच दिवसांनी उघड होतं. पहिल्या दिवशी नुसती रेघ दिसलेला पट्टा पाचव्या दिवशी काळा पडून गळू शकतो. म्हणून जाळीतल्या सापाला निदान आठवडाभर देखरेख लागते आणि ती केंद्रात किंवा वनविभागाने परवानगी दिलेल्या अनुभवी माणसाकडे. सापाची कातडी सावकाश भरते. टाके चार ते सहा आठवडे ठेवतात आणि कात टाकल्यावर जखमेची अवस्था खऱ्या अर्थाने कळते. त्या काळात वर्तमानपत्र ओलं राहू द्यायचं नाही, ओलसर तळावर पोटाला फोड येतात. मात्र कात सुटायच्या वेळी लपायच्या खोक्यात ओलं फडकं हवं, नाहीतर जखमेभोवती कातीचं कडं अडकून तोच भाग पुन्हा आवळला जातो. खाणं द्यायचं ते अंगातलं पाणी भरून निघाल्यावर, मेलेला उंदीर, सुरुवातीला सापाच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून लहान. जिवंत उंदीर जखमी सापाला कुरतडतो. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

काही साप वाचत नाहीत. मानेजवळ मणका तुटलेला, जबडा चेचलेला किंवा आतडी बाहेर येऊन सडलेला साप दिवसेंदिवस टबात ठेवणं ही दया नव्हे. वेदनारहित मरण देण्याचा निर्णय पशुवैद्य आणि वनविभाग घेतात. फ्रीजरमध्ये ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही, त्यात सापाला यातनाच होतात.

हाताळताना धामण चावली तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. साप कोणता याची खात्री नसेल तर लक्षणांची वाट पाहू नका. चावलेला हात-पाय हलवू नका, काप घेऊ नका, आवळून बांधू नका, 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. टब आणि वाटी स्वयंपाकघरात धुऊ नका. निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असतो आणि लहान मुलांना तो लवकर बाधतो.

सोडणी सापडल्या ठिकाणाच्या जवळच, शक्यतो अर्ध्या किलोमीटरच्या आत. दूरच्या जंगलात सोडलेल्या सापाला बिळं, पाणी, लपण माहीत नसतं. धामण दिवसा फिरणारी, म्हणून कोवळ्या उन्हात, बांधाच्या किंवा झुडपांच्या कडेला सोडा. थंडीच्या लाटेत आणि कात धरलेली असताना नको.

आणि तुमच्या वाफ्याची ती जाळी आजच बदला. दोन ते पाच सेंटिमीटर डोळ्याची, मासेमारीची जुनी नायलॉन जाळी सापांसाठी सगळ्यात वाईट, कारण डोकं आत जातं आणि पोट अडकतं. त्याऐवजी एक सेंटिमीटरपेक्षा बारीक डोळ्याची हिरवी शेडनेट ताणून लावा. जुनीच वापरावी लागली तर खालची कड जमिनीपासून फूटभर वर बांधा, उरलेला गठ्ठा जमिनीवर पडू देऊ नका, आणि पावसाळ्यात रोज सकाळी एक फेरी मारून पाहा. पहाटे अडकलेला साप नऊच्या आत सापडला तर नुसत्या खरचटण्यावर निभावतं. उन्हात चार तास लटकला तर काही करायला उरत नाही.